जैसलमेर वसाहत: प्रकल्प नोंदी, एप्रिल ते नोव्हेंबर २०२४

१५ एप्रिल

काम हातात आलं. जैसलमेर जिल्ह्यातल्या एका लष्करी ठाण्यात जवान आणि जेसीओंच्या (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या) कुटुंबांसाठी क्वार्टर्स. ठाण्याचं नाव, ब्लॉक किती आणि नेमके कुठे, हे या नोंदींत येणार नाही. तसा करार आहे आणि तो योग्यच आहे.

मागणीपत्रात एक ओळ आहे: स्थानिक वास्तुशैलीशी सुसंगत आणि शाश्वत रचना. अशी ओळ वाचली की पुढे काय होतं ते ठाऊक असतं. तळमजला अधिक तीन मजल्यांचा काँक्रीटचा डबा, त्याला बाहेरून पिवळ्या दगडाच्या चिपा, जिन्याच्या टोकावर एक छत्री, बाल्कनीला साच्यातून काढलेली जाळी. उद्घाटनाच्या फोटोत झकास दिसतं. आत राहणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

बंधनं लिहून ठेवते. प्रत्येक क्वार्टरचं क्षेत्रफळ ‘स्केल्स ऑफ अकोमोडेशन’ या लष्करी घरांच्या नियमावलीप्रमाणे ठरलेलं, आणि ते जोत्याच्या मापाने, म्हणजे भिंतींची जाडी धरून. शिवाय इको निवास संहिता २०१८, म्हणजे घरांसाठीची ऊर्जा-बचतीची संहिता: भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत, छताची यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचा आकडा, कमी तितका चांगला) १.२ च्या आत, उष्ण-कोरड्या पट्ट्यात उघडणाऱ्या खिडक्या घराच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के. अग्निशमनाच्या गाडीला ६ मीटरचा रस्ता. जैसलमेरच्या गावातली अरुंद, सावलीची गल्ली इथे जशीच्या तशी करता येणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झालं.

७ मे

ठाण्यातले जुने ब्लॉक पाहिले. मुद्दाम रात्री गेले. दिवसा पाहणी करून उन्हाळी प्रदेशातलं घर कळत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या बाईंचं निघालं. यजमान सीमेवर ड्यूटीला. आधी हिंदीत बोलत होत्या. माझं हिंदी ऐकून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही मराठी का? गाव कोणतं?” नागपूर म्हटल्यावर हसल्या. “मग तुम्हाला उन्हाचं काय सांगायचं!” त्यानंतर मॅडमची ताई झाली.

साडेनऊ वाजले होते. पश्चिमेच्या झोपायच्या खोलीत नेऊन त्यांनी माझा हात धरून भिंतीला लावला. “भाकरी शेकून निघंल बघा, ताई.” नऊ इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा. बाहेर वारा सुटला होता, बरं वाटत होतं. आतली भिंत मात्र आत्ता कुठे तापायला लागली होती. पंखा वरच्या स्लॅबची गरम हवा खाली ढकलत होता.

झोपता कुठे, असं विचारलं. बाल्कनीत. बाल्कनी जेमतेम सव्वा मीटर रुंद, त्यातली निम्मी कूलरने अडवलेली. उरलेल्या जागेत दुमडती लोखंडी खाट, तिच्यावर मुलगा आणि मुलगी उलट-सुलट. बाई स्वतः उंबऱ्यात, डोकं खोलीत आणि पाय बाहेर.

गच्ची?

“कुलूप आहे की. वर टाक्या हायत, डिशच्या वायरी हायत, पोरं पडतील म्हणत्यात. गावाकडं आम्ही चैत्रापासनं माळवदावरच झोपायचो. हितं उन्हाळा दुप्पट आन् माळवदाला कुलूप.”

यात कुणा एकाला दोष देता येत नाही. गच्चीला कठडा बुटका आहे, चावी सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी आहे आणि मार्च-आऊटच्या, म्हणजे क्वार्टर सोडण्याच्या वेळी एकेका खुंटीचा हिशोब होतो. पण या ब्लॉकचं सगळं दुखणं त्या कुलपात आहे असं मला तिथेच वाटलं.

८ मे

आज गावात. पटव्यांची हवेली, म्हणजे पाच हवेल्यांचा समूह. पहिलीचं काम १८०५ मध्ये सुरू झालं. पर्यटक नक्षी बघतात. मी एका सिलावट कारागिराला सोबत घेऊन सांधे बघत होते. दगड दगडात खाचा-जिभांनी बसवलेले, मध्ये लोखंडी आकडे, चुना जवळपास नाहीच. दर्शनी भिंतीवर झरोखे इतके दाट की भिंतीच्या फार थोड्या भागावर सरळ ऊन पडतं. कोरीवकामाचा खोलगटपणासुद्धा सावली करतो. ही नक्षी फुकटची नव्हे. पण ती सपाट करून सिमेंटमध्ये ओतली की फुकटचीच होते.

छताची रचना ओळखीची निघाली. लाकडी तुळया किंवा दगडी पट्ट्या, त्यावर मातीचा जाड थर. आपल्याकडे मराठवाड्यात, खानदेशात धाब्याच्या घरांवर पांढरी माती पसरतात, त्याच कुळातलं. पाऊस तुटपुंजा, लाकूड कमी, माती भरपूर. दोन्हीकडे उत्तर एकच आलं.

महत्त्वाची गोष्ट मात्र बांधकामात दिसत नाही, ती जुन्या माणसांनी सांगितली. उन्हाळ्यात दुपारी सगळं घर खालच्या अंधाऱ्या खोल्यांत. संध्याकाळी चौकात पाणी शिंपडून तिथे. रात्री खाटा गच्चीवर. पहाटे पुन्हा खाली. जाड दगडी भिंत दिवसभर उष्णता पिते आणि रात्री ती आत सोडते, तेव्हा आत कुणी नसतंच! हवेलीची शीतलता म्हणजे दगड आणि हे फिरतं वेळापत्रक, दोन्ही मिळून. लष्करी ब्लॉकमध्ये आपण नुसता दगड (तोही चिपा) आणतो आणि माणसांना एकाच खोलीत चोवीस तास कोंडतो.

२५ मे

फलोदीत आज ५० अंश. १९ मे २०१६ ला तिथेच ५१ झालं होतं, देशातला तो उच्चांक अजून टिकून आहे. मी पुण्याच्या ऑफिसात एसीत बसून मरूभूमीचं गणित करतेय, याची गंमत वाटते.

गणित असं. २३० मिमी विटेच्या भिंतीतून उष्णतेची लाट पलीकडे पोचायला साधारण साडेसात तास लागतात. जैसलमेर आपल्या घड्याळाच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे. सूर्य डोक्यावर यायलाच पावणेएक होतो आणि जूनमध्ये मावळायला पावणेआठ. पश्चिमेच्या भिंतीवर तीन ते सहा सर्वांत कडक ऊन. त्यात साडेसात तास मिळवा: रात्री साडेदहा ते दीड. म्हणजे ही भिंत नेमकी झोपेच्या वेळेवर निशाणा धरून बांधलेली आहे.

४५० मिमी वालुकाश्माची भिंत तीच लाट दहा तासांनी आणि खूप सौम्य करून पोचवते. पण ती उष्णता अडवत नाही. वालुकाश्मातून उष्णता विटेपेक्षा सहज वाहते. माझ्या हिशोबात ४५० दगडाची यू-व्हॅल्यू २.४ च्या आसपास येते आणि २३० विटेची २.०५. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना हे पटायला वेळ लागला. जाड भिंत ‘इन्सुलेशन’ आहे हा समज फार पक्का बसलेला असतो. दगड उशीर करतो, इतकंच. त्या उशिराचा फायदा घ्यायचा तर माणसाला रात्री दुसरीकडे जायला जागा हवी.

१२ जून

भिंतींचा निर्णय.

पूर्ण दगडी भिंत बाद. कारण क्षेत्रफळ जोत्याच्या मापाने. २३० ऐवजी ४५० मिमी घेतली तर ३० मीटर परिघाच्या क्वार्टरमध्ये साडेसहा चौरस मीटर जागा भिंत खाऊन टाकते. एवढ्यात एक छोटी खोली होते. त्या बाईंच्या घरातून खोली काढून त्यांना ‘पारंपरिक’ भिंत द्यायची हिंमत माझ्यात नाही.

मग दोन वेगळे उपाय. दिवसा वापरायची खोली आणि स्वयंपाकघर जड ठेवायचं, राखेच्या विटांत. बारमेर जिल्ह्यात लिग्नाइटवर वीज बनते, राख जवळ मिळते. भाजलेली वीट मात्र या वाळूच्या मुलखात लांबून आणावी लागते. झोपायच्या खोल्या उलट हलक्या हव्यात, रात्री पटकन निवणाऱ्या. तिथे बाहेरून १५० मिमी स्थानिक दगड, मध्ये ५० मिमी पोकळी, आत २०० मिमी एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे). यू-व्हॅल्यू ०.६५ येते. जाडी इथेही ४०० मिमी होते, पण ती झोपायच्या खोल्यांच्या दोनच बाहेरच्या भिंतींना, त्यामुळे परवडते. दगड भार घेणार नाही, उन्हाचा पहिला मार घेणार.

पश्चिमेला राहायची एकही खोली नाही. जिना, न्हाणी, संडास, कोठीची खोली. पश्चिमेचा सूर्य इतका खाली असतो की छज्जाने तो अडत नाही, त्यामुळे तिकडे खिडकीच नको.

दक्षिणेला छज्जा सोपा. जैसलमेर २६.९ अक्षांशावर, २१ जूनला दुपारी सूर्य ८६.५ अंशांवर, २१ डिसेंबरला ३९.६. ६० सेंमी छज्जा मार्च-सप्टेंबरच्या संपाताला १.२ मीटरची खिडकी जवळपास पूर्ण झाकतो, आणि डिसेंबरात फक्त वरचा अर्धा मीटर. थंडीत रात्री पारा फार खाली जातो, तेव्हा दिवसा ते ऊन आत हवंच.

जाता जाता: लष्करी घरं आणि उष्मा हा वाद काही नवा नाही. कंपनीच्या काळात भारतातल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला दर हजारी सरासरी ६९ मृत्यू होत, बहुतेक रोगराईने, असं १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालात आहे. त्यानंतर बराकी उंच झाल्या, व्हरांडे रुंद झाले, आढ्याशी हवा जायला झरोके आले. खडकीतल्या जुन्या बराकी बघितल्या तर हे सगळं अजून दिसतं. व्हरांडा तर इथल्याच घरांकडून घेतलेला. आमच्या विदर्भात कूलर येण्याआधी दारांना वाळ्याच्या ताट्या लागायच्या, साहेबांच्या बंगल्यांतही त्याच. उधारउसनवारी दोन्हीकडून चालली होती. ती थांबली स्लॅब आल्यावर.

२ जुलै

सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, सुटला! आठवडाभर सगळे कागद फाडून झाल्यावर.

चार मजल्यांऐवजी तळमजला अधिक दोन. प्रत्येक मजला पूर्वेकडून खालच्या मजल्यापेक्षा मागे सरकतो. त्यामुळे वरच्या दोन्ही मजल्यांच्या क्वार्टर्सना स्वतःची, उघड्या आकाशाखालची गच्ची मिळते. तळमजल्याला तेवढंच अंगण.

पूर्व का? दुपारी एकनंतर इमारत स्वतःच गच्चीवर सावली टाकते. सूर्य मावळेपर्यंत फरशीला निवायला सहा-सात तास मिळतात. रात्री निरभ्र आकाशाकडे ती आपली उष्णता सोडत राहते. जुन्या गच्च्या हेच करतात, पण त्या दिवसभर उन्हात असतात म्हणून संध्याकाळी पाणी शिंपडावं लागतं. आमच्या गच्चीला ते पाणी लागणार नाही, निदान कमी लागेल.

पाण्याचा मुद्दा हलका नाही. इथलं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून येतं, ज्याचं काम १९५८ ला सुरू झालं. कालव्याची दुरुस्ती असते तेव्हा नहरबंदी, आणि ती बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावरच. म्हणजे कूलर सर्वांत जास्त पाणी पिणार तेव्हाच नळ आखडतो. कोरड्या हवेत कूलरसारखा स्वस्त उपाय नाही, त्याला माझा विरोध नाही. पण सगळं घर त्याच्यावर टांगून ठेवणं धोक्याचं.

सूर्योदय सहाच्या सुमारास, थेट तोंडावर. आमच्यातल्या एकाने हरकत घेतली. त्याला म्हटलं, फौजेत सहाला कोण झोपलेलं असतं!

१९ जुलै

गच्चीच्या कठड्यावर तीन दिवस गेले. बाहेरच्याला हसू येईल, पण सगळी गोष्ट इथेच तरते किंवा बुडते.

वरच्या गच्चीतून खालची दिसता कामा नये. बायका-मुलं झोपणार, घरातला पुरुष बहुतेक वेळा नसणार. म्हणून कठडा उंच हवा, दीड मीटर. भरीव उंच कठडा केला तर वारा अडतो आणि खाटेवरचा माणूस घामाघूम होतो. खाट जमिनीपासून दीड वीत वर. वारा हवा तो त्याच पातळीला. म्हणून खालच्या ६० सेंमीत दगडी जाळी आणि वर भरीव दगड. नेहमीच्या नकाशांत उलट असतं, खाली भरीव आणि वर शोभेची जाळी, कारण जाळी रस्त्यावरून दिसायला हवी असते. जाळीची भोकं तळहाताहून लहान, मुलाचा पाय अडकणार नाही आणि चढायला पायरी होणार नाही अशी. तिरकी कोरलेली, म्हणजे वारा येईल आणि नजर जमिनीवर पडेल.

कठड्याच्या आतल्या अंगाला दगडी ओटा नको असं ठरलं. ओटा म्हणजे मुलांसाठी शिडी.

आंधीचं काय? ती आली की गाशा गुंडाळून आत जायचं, हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. गच्चीच्या दाराशी खाटा ठेवायला भिंतीत खोबण दिली आहे. ती वहीत लिहिली नसती तर कुणीतरी खर्च वाचवायला काढून टाकली असती.

७ ऑगस्ट

जैसलमेरात धो धो पाऊस, आणि सोनार किल्ल्याच्या तटबंदीचा एक भाग ढासळल्याची बातमी. ११५६ मध्ये वसलेल्या गावाचा किल्ला, अजून लोक आत राहतात, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत. किल्ल्याचं जुनं दुखणं पाणीच आहे: घरोघर नळ आले, वापर वाढला, आणि ज्या टेकडीला कधी इतकं पाणी माहीत नव्हतं तिच्या पोटात ते मुरायला लागलं.

या बातमीचा आमच्यावर थेट परिणाम. दुपारीच तपासणी करणाऱ्यांकडून निरोप आला: पायऱ्यापायऱ्यांच्या गच्च्या म्हणजे खालच्या घरांत गळती. शंका रास्त आहे. प्रत्येक गच्ची कुणाच्या तरी खोलीचं छत आहे.

थर असे सुचवले: ११५ मिमी स्लॅब, त्यावर जलरोधक पडदा, २५ मिमी इन्सुलेशन बोर्ड, उताराचा कोबा, वर पांढरट दगडी फरशी. नुसत्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.६ च्या आसपास. पारंपरिक पद्धतीने मातीचा फुस्का, म्हणजे चोपलेल्या मातीचा थर, आणि वर विटेची फरशी घातली तरी १.९, म्हणजे संहितेत नापास. बोर्ड घातला की ०.७. इथे मी परंपरा सोडली, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मातीचं छत दर पावसाळ्याआधी कुणीतरी लिंपतं, चोपतं. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणारं कुटुंब ते करणार नाही आणि त्यांनी का करावं?

गच्चीचं पाणी पन्हाळीने टाक्यात. वर्षाला १६० मिमी पाऊस धरला तर ६० चौरस मीटरवरून साडेसात हजार लिटर जमतं. पिण्याला पुरणार नाही, पण पश्चिमेला खेजडी आणि कडुनिंब जगवायला पुष्कळ.

१४ ऑक्टोबर

आढावा बैठक. दोन मुद्द्यांवर रेंगाळली.

एक, छतावरची सौर पॅनेल. गच्च्या मोकळ्या सोडल्या तर पॅनेल कुठे? कुणीतरी सुचवलं, गच्चीवर मंडपासारखी लावा, दिवसा सावलीही होईल. दिवसा होईल, पण रात्री आकाश झाकलं जाईल आणि फरशी निवणार नाही. पॅनेल सर्वांत वरच्या छतावर, जिन्याच्या डोक्यावर आणि गाड्यांच्या शेडवर. हिशोबात थोडी कमी बसतात. मान्य झालं.

दोन, गच्ची अनुज्ञेय क्षेत्रफळात धरायची का. मी म्हणत होते उघडी जागा आहे, छप्पर नाही. समोरून सवाल, उद्या राहणाऱ्याने वर पत्रा टाकला तर? पत्रा टाकतील ही भीती खोटी नाही. सगळीकडे टाकतात. मग ठरलं की कठड्याला आणि भिंतीला पत्र्याचा सांगाडा अडकवायला जागाच मिळणार नाही असा तपशील द्यायचा, पण मच्छरदाणीसाठी चार कड्या मात्र द्यायच्या. एक ज्येष्ठ सुभेदार साहेब, बैठकभर गप्प होते, तेवढ्यावर बोलले: “कड्या पितळी द्या मॅडम, लोखंडाच्या दोन वर्षांत गंजून कपडे खराब करतील.” या कोरड्या हवेत गंज कमी चढतो, तरी पितळी लिहिल्या. ते ज्या ठाण्यांत राहून आलेत तिथलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

११ नोव्हेंबर

मंजुरी आली, पूर्ण नाही. सगळ्या ब्लॉकऐवजी आधी एकच ब्लॉक नमुना म्हणून. पुढचा उन्हाळा त्यात कुटुंबांना राहू द्यायचं आणि मग ठरवायचं. माझ्या मते हेच बरं. आकडे कितीही मांडले तरी लोक गच्चीत झोपतात की तिथे अडगळ भरतात हे राहून बघितल्याशिवाय कळणार नाही.

खर्चात दर्शनी छत्री गेली. मी वाद घातला नाही. दगडी जाळीचा दर वाढवून घेतला, कारण मूळ दरात सिलावट काम करणार नाही, आणि मग यंत्रावर कापलेली सरळ भोकांची जाळी येईल आणि नजर आरपार जाईल.

राहिलेली कामं: जाळीच्या तिरक्या भोकाचा पूर्ण मापाचा तुकडा कोरून घ्यायचा. पोकळीतल्या दगडाच्या बांधपट्ट्या गंजरोधक पोलादाच्या, बीओक्यूत (कामाच्या मापांच्या यादीत) तशा लिहायच्या. गच्चीच्या दाराला कडी आतून, बाहेरून कुलूप लावायची सोय नाही. हा तपशील दरवाजांच्या तक्त्यात लाल शाईने.

नमुना ब्लॉकचं जोतं जानेवारीत.